नोकरी, घर आणि जोडकाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात पूर्णवेळ नोकरी करते. घरी नवरा, चौथीतला मुलगा आणि सासूबाई. माझा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्ष करतो. त्याच्यासाठी मी फवारणीच्या नोंदी ठेवणारं एक छोटं मराठी ॲप केलं. आता त्याच्या ओळखीतले इतर बागायतदारही ते वापरतात, त्यामुळे ते सांभाळणं हे माझं जोडकाम झालं आहे. कँटीनमध्ये, सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत मला याविषयी तेच तेच प्रश्न विचारतात. घाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. तुमचं जोडकाम वेगळं असेल. कुणी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून राहिलेली पदवी पूर्ण करत असेल, कुणी घरून चकल्या विकत असेल, कुणी तबला शिकवत असेल. अडचणी बऱ्याचशा सारख्याच असतात.

एवढा वेळ तुम्हाला मिळतो कसा?

मिळत नाही. घरातल्या कुणाच्या तरी वाट्याचा घेते, आणि तो कुणाचा आहे हे मला माहीत असतं. या पानावर पुढे जे काही लिहिलं आहे ते या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून आधी हिशोबच मांडते.

आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली की ४९ गेले. जेवणाची सुट्टी धरून साडेआठ तासांची ड्यूटी, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ५१. नाशिक रोडहून सातपूरला जाणाऱ्याला द्वारका आणि मुंबई नाका ओलांडून जाता-येता दीड तास सहज लागतो, त्याचे ९. राहिले ५९, म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ तास. हा आकडा बघून माणूस खूश होतो आणि रोज दोन तास जोडकामाला देण्याचा बेत करतो. पण याच साडेआठ तासांत अंघोळ, स्वयंपाक, जेवण, भांडी, भाजी, मुलाचा अभ्यास, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, सिलेंडर, बँक, आजारी नातेवाईक आणि पंधरवड्यात एखादी बारशाची पंगत असते. नवरा-बायकोनं चहा घेत बसायचं तेही त्यातच. सगळं खरेपणानं वजा केलं तर हाताशी पाच-सहा तास उरतात. आठवड्याचे पाच-सहा. रोजचे नव्हेत.

रोज दोन तास काढा असं कुणी सांगितलं, तर त्याच्या घरी स्वयंपाक कोण करतं हे अवश्य विचारा. कारण ते दोन तास तिथूनच आलेले असतात.

हे पाच तास आठवड्यात कुठे बसवायचे?

माझे ठरलेले आहेत: मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे पाच ते साडेसहा, रविवारी सकाळी दोन तास. साडेसहाला नळाला पाणी येतं, मग डबे सुरू होतात, त्यापुढे एक मिनिटही माझं नसतं. रविवारी नवरा मुलाला घेऊन बाहेर पडतो. दोघं मिसळ खातात, येताना आठवड्याची भाजी आणतात. त्या दोन तासांच्या बदल्यात रविवारची दुपार पूर्ण माझ्याकडे असते: मुलाचं दप्तर, इस्त्री, सासूबाईंच्या केसांना तेल. नवरा झोपतो किंवा मित्रांकडे जातो, मी विचारत नाही.

तास ठरलेले असले की उरलेला आठवडा मोकळा वाटतो. बुधवारी रात्री जोडकामाचा विचार करायचा नाही, कारण शुक्रवार येणारच आहे. ज्यांचे तास ठरलेले नसतात त्यांना मुलाबरोबर बसल्यावरही आतून टोचत राहतं, आणि काम तर होतच नाही.

एक सवय मात्र फार उपयोगी पडली. उठताना पुढच्या बैठकीचं पहिलं काम वहीत एका ओळीत लिहायचं. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: ‘२६ फेब्रुवारीची फवारणी, २१ दिवस, उत्तर १९ मार्च आलं पाहिजे, तपास.’ म्हणजे ॲप काढणीची तारीख बरोबर मोजतं का ते बघायचं. पहाटे डोळे अर्धवट उघडे असताना ही ओळ वाचली की कुठून सुरुवात करायची हा विचारच करावा लागत नाही. दीड तासातली पहिली वीस मिनिटं ‘मागच्या वेळी कुठे होतो’ यात गेली तर उरतं काय?

पहाटे बरं की रात्री?

ज्याच्या घरी जी वेळ कमी गजबजलेली, ती. माझा कल पहाटेकडे आहे. रात्री दहानंतर डोकं दिवसभराचं वापरलेलं असतं. शिवाय बहुतेक घरांत नवरा-बायकोला निवांत बोलायला तेवढीच वेळ असते, ती रोज लॅपटॉपला दिली तर काही महिन्यांत घरात अबोला सुरू होतो.

पहाटेची अट एकच: आदल्या रात्री दहाच्या आत पाठ टेकली पाहिजे. अकरापर्यंत मालिका आणि पाचला उठणं हे दोन्ही चालत नाही. प्रौढ माणसाला सात तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात, ते मी तंतोतंत पाळते.

आमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. आम्ही काय करायचं?

हा प्रश्न सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर सगळीकडून येतो. माझा नवराही शिफ्टला असल्यामुळे याचं उत्तर घरात घासूनपुसून तयार झालेलं आहे.

वारावर वेळापत्रक बसवू नका, शिफ्टवर बसवा. आमच्या फ्रिजवर तीन कागद आहेत, एकेका शिफ्टचा एक. फर्स्ट असेल तर नवरा दुपारी चारच्या सुमारास घरी येतो, जेवून तासभर आडवा होतो, आणि संध्याकाळी मुलाचं सगळं तो बघतो. सेकंड असेल तर त्याची सकाळ मोकळी असते. मुलगा शाळेत गेला की अकरापर्यंत त्याला घरचं किंवा स्वतःचं काम करता येतं, पण संध्याकाळ सगळी माझ्या अंगावर येते, म्हणून त्या आठवड्यात मी पहाटेची एक बैठक सोडून देते. थर्डच्या आठवड्यात दोघांनीही जोडकामाला हात लावायचा नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपू देणं हेच त्या आठवड्याचं घरातलं मोठं काम असतं. कुकरची शिट्टी, मुलाचे मित्र, खाली येणारा भंगारवाला, सगळं सांभाळावं लागतं.

थर्डबद्दल मी एवढी आग्रही का, तेही सांगते. सलग सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच मंदावलेला असतो, असं प्रयोगांतून दिसलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. जोडकामासाठी जागून मग दुचाकीवर गरवारे पॉइंटचा हायवे ओलांडणं किंवा प्रेस मशीनवर उभं राहणं म्हणजे काय, ते यावरून कळेल. बोटं जायला एक सेकंद पुरतो. क्वालिटीत असल्यामुळे अपघाताचे अहवाल माझ्या टेबलावरून जातात, म्हणून एवढं कळकळीनं लिहिते आहे.

नवऱ्याला किंवा बायकोला कसं तयार करायचं?

तयार करायचं म्हणजे गळी उतरवायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी म्हणते, समोर बसून वाटाघाट करा. त्यात चार गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. कोणत्या दिवशी किती ते किती. कधीपर्यंत, ‘या हंगामापुरतं, मार्चअखेरपर्यंत’ असं म्हटलं की समोरच्याला श्वास घेता येतो. त्या वेळात तुमचं कोणतं काम दुसऱ्यावर पडणार. आणि त्याबदल्यात त्याचं कोणतं काम तुम्ही उचलणार. चौथी गोष्ट बहुतेक जण बोलतच नाहीत, आणि भांडण नेमकं तिच्यावरूनच होतं.

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, शाळेची सहल तिथे जाते. सरस्वतीबाई फाळके किती जणांना माहीत आहेत? फाळक्यांच्या सिनेमासाठी त्यांनी दागिने गहाण ठेवू दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, आणि घरातलं काम उरकल्यावर कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं किचकट काम शिकून तेही केलं. तेव्हा पडद्यावर त्यांच्या नावाला जागा नव्हती. माझं म्हणणं असं की आपल्या जोडकामामागेही कुणीतरी उभं असतं, त्याचं नाव आपण घ्यायला हवं, तेही सगळ्यांसमोर. भावाच्या गावी शेतकऱ्यांसमोर ॲप दाखवताना मी पहिल्यांदा सांगते की रविवारचे दोन तास माझ्या नवऱ्यानं दिले आहेत. तो संकोचतो, पण त्या आठवड्यात भाजी चांगली येते.

बायकांना थोडं जास्त सांगायचं आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. म्हणजे घरकामात आपले पुरुषापेक्षा रोज तीन तासांहून जास्त जातात. तेव्हा ‘मला जरा वेळ द्याल का’ अशी सुरुवात करू नका. आधी घरातल्या कामांची यादी कागदावर करा, प्रत्येकापुढे कोण करतं ते लिहा आणि तो कागद मध्ये ठेवा. आमच्याकडे त्या कागदानंतर सकाळचे डबे भरणं आणि शाळेच्या ग्रुपवरचे निरोप बघणं ही दोन कामं नवऱ्याकडे गेली. भांडणाशिवाय गेली, कारण कागदावर सगळं दिसत होतं.

सासूबाई म्हणतात, यातून मिळतं काय?

त्यांचा प्रश्न रास्त आहे. पहाटे सून लॅपटॉप उघडून बसते आणि पगाराव्यतिरिक्त घरात काही येताना दिसत नाही, तर कुणीही विचारेल. उत्तर शब्दांत देण्यापेक्षा त्यांना कामात घ्या. माझ्या सासूबाईंचं माहेर शेतकऱ्याचं. ॲपमधला प्रत्येक पडदा (स्क्रीन) मी आधी त्यांच्या हातात देते. चष्म्याशिवाय त्यांना वाचता आला आणि अंगठ्यानं बरोबर बटण दाबता आलं, तर तो बागेतही चालतो. तिथे माणूस पहाटे फवारणीचा ब्लोअर जोडता जोडता ओल्या हातानं नोंद करत असतो. आता शेजारणींना ॲपबद्दल त्याच सांगतात, आणि पहाटे दुधाची पिशवी घ्यायला दार उघडण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलं आहे.

मुलं लहान आहेत, मग?

तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर आठवड्याला दोन तासांच्या वर बेत करू नका. शिकण्यापुरतं वाचन ठेवा. काम कुठे पळून जात नाही.

शाळेतल्या मुलांना तुम्ही घरी असूनही नाही, हे पटकन कळतं. त्यांना वेळापत्रक दाखवा. माझ्या मुलाला माहीत आहे की मंगळवार-शुक्रवार पहाटे आई टेबलापाशी असते आणि रोज रात्री साडेआठ ते नऊ ती त्याची असते. ती अर्धा तासाची वेळ मी कंपनीच्या ऑडिटच्या आठवड्यातही हलवलेली नाही.

कोणतं जोडकाम निवडावं? माझ्या डोक्यात बऱ्याच कल्पना आहेत.

जे आठवड्याच्या पाच तासांत तुकड्यातुकड्यानं पुढे सरकतं ते. यासाठी आपल्याकडे एक उत्तम माणूस होऊन गेला आहे: द. रा. कापरेकर. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिक्षक होते, आणि नोकरी सांभाळून संख्यांचा अभ्यास करत होते. ६१७४ हा अंक जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढता क्रम वजा करा: ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. सात पायऱ्यांच्या आत तुम्ही इथेच येता. हे त्यांनी १९४९ मध्ये मांडलं. गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं ते १९७५ साली, निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी.

मला यातलं काय महत्त्वाचं वाटतं? वही आणि पेन्सिल पुरणारं काम. मधल्या सुट्टीत एक पायरी करता येते, घंटा झाली की वही मिटता येते, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येतं. असं मिटता आणि उघडता येणारं काम नोकरदाराला झेपतं. ज्याला सलग आठ तास लागतात, मोठी जागा लागते किंवा ग्राहक दिवसभर फोन करतो, ते काम चांगलं असेल, पण नोकरीबरोबर त्याचे आणि तुमचे दोघांचेही हाल होतात.

निवडलेलं कामही आणखी छोटं करावं लागतं. भावाच्या अपेक्षा बऱ्याच होत्या: हवामान, मजुरांचा हिशोब, लासलगाव-पिंपळगावचे भाव, औषधांचा साठा. मी पहिल्या हंगामाला एकच काम घेतलं. फवारणीची तारीख आणि औषध टाकलं की काढणी लवकरात लवकर कधी करता येईल ती तारीख दाखवायची. प्रत्येक औषधाचा एक पीएचआय असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं किमान दिवसांचं अंतर. युरोपला माल पाठवणाऱ्याला हे चुकवून चालत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलींची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपल्याकडची द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा किती घरं बसली हे निफाड-दिंडोरीत सगळ्यांना आठवतं. औषधांची यादी आणि त्यांचे पीएचआय दर हंगामात पुन्हा तपासावे लागतात, त्यातच माझे ऑगस्ट-सप्टेंबर जातात. म्हणजे एवढं एकच काम घेऊनही माझे पाच तास भरलेले असतात. भाव आणि मजुरी घेतली असती, तर एकही नीट झालं नसतं आणि ऐन हंगामात एखाद्याला चुकीची तारीख दिसली असती.

सणवार, लग्नसराई, हंगाम यांचं काय?

वर्षाच्या सुरुवातीला कालनिर्णय उघडून बसा आणि ज्या आठवड्यांत काहीच होणार नाही ते आधीच खोडून टाका. माझ्याकडे गणपती-गौरी, दिवाळी, मुलाच्या परीक्षा, कंपनीचं मार्चएंड आणि मे महिन्यातली लग्नं खोडलेली असतात. रंगपंचमीही. नाशिकला खरा रंग रंगपंचमीला, आणि रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, उडी मारल्याशिवाय माझ्या नवऱ्याचं वर्ष सुरू होत नाही.

माझी खरी ओढाताण ऑक्टोबरमध्ये असते. द्राक्षाची गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) सुरू होते, पावसाळी हवा असेल तर डाऊनी या वेलींच्या रोगासाठी फवारण्या वाढतात, ॲपवर सगळ्यांत जास्त नोंदी तेव्हा येतात, आणि घरात दिवाळीचा फराळ चालू असतो. म्हणून नवीन काहीही मी सप्टेंबरच्या मध्यानंतर घालत नाही. ऑक्टोबरमध्ये फक्त अडलेल्याचा फोन घ्यायचा, तोही रात्री आठ ते साडेआठ. तुमच्या जोडकामालाही असा एक महिना असेलच. राख्या करणाऱ्यांचा श्रावण, क्लास घेणाऱ्यांचा फेब्रुवारी. त्या महिन्यात घरी काय असतं ते आधी बघून ठेवा.

२०२६-२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्त्यांची कामं, वळवलेली वाहतूक आणि पर्वणीला घरी उतरणारे पाहुणे धरून पंचवटी, तपोवन, नाशिक रोडच्या लोकांनी २०२७ च्या पावसाळ्यात नवीन काही सुरू करू नये, असं मी म्हणेन.

मी पंचवटी एक्सप्रेसनं रोज मुंबईला जातो. माझ्याकडे वेळ आहे की नाही?

आहे, पण विचित्र आकाराचा. सकाळी सातच्या सुमारास नाशिक रोड सोडल्यावर बसायला जागा मिळाली तर जवळजवळ साडेतीन तास मिळतात, संध्याकाळी पुन्हा तेवढेच. कसारा घाटात आणि बोगद्यांत नेट जातं, हे धरून नेटशिवाय होणारं काम गाडीत न्या: वाचन, लिखाण, हिशोब, आखणी. परतीचा प्रवास झोपेसाठी ठेवा. घरी पोचल्यावर रात्री दहाला लॅपटॉप उघडायचाच नाही, कारण तुम्हाला घरचे दिवसातून तेवढेच दिसतात. पासधारकांच्या डब्यातल्या गप्पा आणि वाढदिवस सोडून देऊ नका. रोजचा प्रवास माणसाला त्यांच्यामुळेच झेपतो.

सिडकोत दोन खोल्यांचं घर आहे. बसायचं कुठे?

पहाटेचा ओटा. खरंच सांगते, माझी पहिली दोन वर्षं स्वयंपाकघरात स्टुलावर गेली. दुसरा पर्याय वाचनालय. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. अभ्यासिका तर आता प्रत्येक भागात झाल्या आहेत, महिन्याचं शुल्क भरून खुर्ची मिळते. चहाच्या कॅफेत बसून काम करणं कॉलेज रोडवर बरंच दिसतं. मला गोंगाटात जमत नाही, शिवाय पैसे जातात.

कंपनीला सांगावं का?

आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, त्याबरोबर कंपनीच्या स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे कामगारांसाठीचे नियम, तेही. दुसरा व्यवसाय किंवा नोकरी लेखी परवानगीशिवाय करू नये, असं कलम बहुतेक ठिकाणी असतं. असेल तर अर्ज करा आणि उत्तर लेखी घ्या. मी एचआरला एक पानाचं पत्र दिलं: काम काय, कोणत्या वेळात, कंपनीच्या धंद्याशी त्याचा संबंध नाही. सहीची प्रत घरच्या फाइलमध्ये आहे.

परवानगी असली तरी कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं नेट, कंपनीचा मेल आणि ड्यूटीची वेळ जोडकामाला वापरायची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी वेगळा करार नसेल तर नोकरी देणाऱ्याकडे जाते, आणि सॉफ्टवेअरही यात येतं. तुमचं काम नोकरीबाहेरचं होतं हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून स्वतःचं जुनं का होईना, वेगळं यंत्र ठेवा.

सरकारी नोकरांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत. खासगी व्यापार-धंद्याला पूर्वपरवानगी हवीच. ‘बायकोच्या नावावर करतो’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पैसे यायला लागले तर कर, जीएसटी वगैरे?

पहिल्या रुपयापासून वेगळं बँक खातं आणि एक वही. जोडकामाचं उत्पन्न पगारात मिळवून विवरणपत्र भरावं लागतं, आणि व्यवसायाचं उत्पन्न असेल तर पगारदारांचा नेहमीचा आयटीआर-१ चालत नाही. एकदा सीएकडे जाऊन या. जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या, फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी ४० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. पण वस्तू राज्याबाहेर विकायच्या असतील तर नियम वेगळा आहे, तो विचारून घ्या. घरून खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची नोंदणी आधी. उद्यम (छोट्या उद्योगांची) नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचे पैसे कुणाला देऊ नका.

सतत थकवा वाटतो. कधी थांबावं?

रविवारी सकाळी उठावंसं वाटत नाही, मुलावर विनाकारण ओरडलं जातं, नोकरीत नेहमी न होणाऱ्या चुका होतात: यातलं काहीही दोन आठवडे चाललं तर पूर्ण महिना जोडकाम बंद ठेवा. अंगावर काढू नका. सिनेमाच्या सुरुवातीच्या वेडात फाळक्यांनी रात्रंदिवस डोळ्यांना एवढा ताण दिला की त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. ती उपचारांनी परत आली. प्रत्येकाची परत येईल असं नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासून घ्या, विशेषतः बायकांनी. आपला थकवा ‘कामामुळेच असेल’ म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतो.

नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं का?

घरखर्चाचा एक वर्षाचा पैसा बाजूला, गृहकर्जाचा हप्ता त्या हिशोबात धरलेला, आरोग्य विमा स्वतःच्या नावावर घेतलेला, आणि जोडकामाचं उत्पन्न सलग दोन हंगाम टिकलेलं. यातली एक गोष्ट जरी कमी असली तर नको. माझा विचार नाही. मला क्वालिटीचं काम आवडतं.

जोडकाम बंदच करायचं ठरवलं तर?

करता येतं, आणि त्यात कमीपणा नाही. मात्र तुमच्यावर कुणी अवलंबून असेल तर वेळ बघून बंद करा. मी ॲप बंद करायचं ठरवलं तर शेतकऱ्यांना जूनमध्ये सांगेन, गोडी छाटणीच्या आधी, म्हणजे त्यांना दुसरी सोय करायला दोन-तीन महिने मिळतील. प्रत्येकाच्या सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये काढून त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवीन, कारण निर्यातदार मागच्या फवारण्यांचा हिशोब मागतो. ती सोय ॲपमध्ये आजच करून ठेवली आहे. ‘माझ्या नोंदी’ या पानावर खाली एक बटण आहे. ते दाबलं की शेतकऱ्याला त्याची पूर्ण वही मिळते, मला फोनही करावा लागत नाही. क्लास घेत असाल तर वर्ष संपल्यावर थांबा, ऑर्डरी घेत असाल तर घेतलेल्या पुऱ्या करून नवीन बंद करा, आगाऊ घेतलेले पैसे त्याच आठवड्यात परत द्या. आणि मोकळे झालेले पाच तास कुणाकडून घेतले होते ते आठवून पहिला महिना त्यांना द्या.